गैरवापर कशाला म्हणायचे, हे ठरवणार कोण?

"बिटकॉइनला कोणी मालक नाही, तिथे फक्त गणिताचे राज्य चालते," असे आपले अनेक तरुण मित्र सांगतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२०१० मध्ये बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याने एक नियम टाकला. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा जो ब्लॉक तयार होतो, तो १ मेगाबाइटपेक्षा मोठा नसावा. कोणी कचरा-व्यवहारांचा ढीग ओतून नेटवर्क बंद पाडू नये, हा त्यामागचा हेतू मानला जातो. तेव्हा वापरणारे मूठभर होते. मर्यादा कोणाला टोचली नाही.

वापर वाढला तशी जागा अपुरी पडू लागली आणि २०१५ पासून वाद पेटला. एक बाजू म्हणत होती, मर्यादा वाढवा, नाहीतर शुल्क वाढून लहान माणूस बाहेर फेकला जाईल. दुसरी म्हणत होती, ब्लॉक मोठे झाले तर सगळा हिशेब घरच्या संगणकावर तपासणे सामान्य माणसाला परवडणार नाही, ते काम बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. नाव दोघांच्याही तोंडी सामान्य माणसाचेच!

मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ५० हून अधिक कंपन्यांनी करार करून मर्यादा दुप्पट करायचे ठरवले. नेटवर्कची ८० टक्क्यांहून अधिक संगणकशक्ती त्यांच्या बाजूने होती. तरीही अनेक वापरकर्ते आणि प्रोग्रामर बधले नाहीत. १ ऑगस्टला मोठ्या ब्लॉकचा आग्रह धरणारा एक गट 'बिटकॉइन कॅश' घेऊन वेगळा झाला आणि ८ नोव्हेंबरला कंपन्यांनी आपला बेत सोडला.

म्हणजे भांडवलदार हरले, जनता जिंकली? थांबा. त्याच डिसेंबरमध्ये एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले. दहा डॉलर घरी पाठवू पाहणाऱ्या मजुरावर कोणी बंदी घातली नव्हती, पण दार त्याच्यासाठी बंदच झाले. कचरा अडवायला घातलेल्या कुंपणाने गरिबालाही अडवले.

चलन हे सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, अशी मांडणी बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त केली. तंत्रज्ञानाने ती मर्जी संपत नाही, नियम लिहिणाऱ्याकडे सरकते.

म्हणून 'गैरवापर रोखण्यासाठी' असे म्हणत कोणताही नियम पुढे आला, की तीन प्रश्न विचारा. गैरवापर कशाला म्हणायचे, हे कोणी ठरवले? त्याची किंमत कोण मोजणार? आणि नियम चुकला, तर तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे?