मुक्तस्रोत गेम-सर्व्हर : बंद पडलेल्या खेळविश्वांची पुनर्बांधणी

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा ऑनलाइन भूमिका-खेळ १५ डिसेंबर २०११ रोजी बंद करण्यात आला. खेळाडूंनी विकत घेतलेल्या तबकड्यांवर चित्रे, नकाशे आणि ध्वनी जसेच्या तसे होते. मात्र कंपनीचा सर्व्हर थांबल्याने तो खेळ निरुपयोगी ठरला.

अशा खेळांच्या सर्व्हरची आज्ञावली नव्याने लिहून ती मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांना खुली करण्याचे काम अनेक स्वयंसेवक करीत आहेत. या कामाचे स्वरूप, त्यात सहभागी होण्याची पद्धत आणि त्याच्या कायदेशीर मर्यादा यांचा हा आढावा.

सर्व्हर काय करतो?

अनेकांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून विकसित केलेला 'मड' हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ या प्रकाराचा आरंभ मानला जातो.

आजच्या खेळांत खेळाडूच्या संगणकावरील आज्ञावली दृश्ये दाखविते, तर नियम सर्व्हर सांभाळतो. कोणता राक्षस कोठे उभा आहे, तलवारीच्या घावाने किती हानी झाली, कोणाच्या थैलीत काय आहे, याचा निर्णय सर्व्हरच देतो. हा भाग कंपनी सहसा कोणालाही देत नाही. त्यामुळे संगणक आणि सर्व्हर यांच्यातील संदेशांचे निरीक्षण करून तो पुन्हा उभारावा लागतो.

'मँगोस'ची परंपरा

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि २००५ मध्येच त्याच्याशी जुळणाऱ्या 'मँगोस' या मुक्तस्रोत सर्व्हरचे काम सुरू झाले. त्यातून २००८ मध्ये 'ट्रिनिटीकोअर' वेगळा झाला. पुढे त्याच परंपरेतून 'अझरॉथकोअर' हा प्रकल्प उदयास आला. मूळ खेळाच्या ३.३.५ए या जुन्या आवृत्तीवर त्याचा भर आहे.

या दोन्ही प्रकल्पांची रचना सारखी आहे. सी++ भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे दोन मुख्य भाग असून, एक खेळाडूची ओळख तपासतो व दुसरा प्रत्यक्ष जग चालवितो. खाती, पात्रे आणि जगाचे तपशील स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवले जातात. नकाशे मात्र आज्ञावलीचा भाग नसतात. सर्व्हर चालविणाऱ्याला ते स्वतःजवळील खेळाच्या प्रतीतून काढून घेता येतात.

सहभागाची पद्धत

पहिले पाऊल म्हणजे सर्व्हर स्वतःच्या संगणकावर उभारणे आणि चालवून पाहणे. त्यानंतर दोषांची नोंद करता येते. काय घडले, काय घडावयास हवे होते आणि दोष पुन्हा कसा दिसेल, या तीन गोष्टी नोंदीत स्पष्ट असाव्या लागतात.

दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी प्रोग्रामिंगचे सखोल ज्ञान लागतेच असे नाही. एखादे पात्र चुकीच्या जागी उभे असेल किंवा कामगिरीचे बक्षीस चुकत असेल, तर डेटाबेसमधील एखादी ओळ बदलणे पुरेसे ठरते. पात्रांचे वर्तन किंवा युद्धाचे नियम दुरुस्त करावयाचे असल्यास सी++ जाणणे आवश्यक असते.

खरी कसोटी पुराव्याची असते. मूळ खेळ त्या काळी नेमका कसा वागत होता, हे जुन्या चित्रफिती किंवा साठविलेले संदेश यांच्या आधारे दाखवावे लागते. केवळ आठवणीवर विसंबता येत नाही. बदल सादर झाल्यावर इतर सदस्य तो तपासतात, चालवून पाहतात आणि मगच तो मुख्य संचात घेतला जातो. स्वतःच्या आवडीचे नवे नियम मुख्य भागात न मिसळता स्वतंत्र मॉड्यूल म्हणून लिहिण्याची सोय अझरॉथकोअरमध्ये आहे.

परवान्यातील पळवाट

जीपीएल परवान्याखालील आज्ञावली दुसऱ्याला देताना तिचा सोर्स कोडही द्यावा लागतो. परंतु सुधारित आज्ञावली केवळ स्वतःच्या सर्व्हरवर चालविणाऱ्यावर हे बंधन येत नाही. त्यामुळे अनेकांच्या विनामूल्य श्रमांवर उभा राहिलेला एखादा सर्व्हर आपल्या दुरुस्त्या स्वतःजवळच ठेवू शकतो. २००७ मधील एजीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ही पळवाट बंद करण्यात आली असून, नेटवर्कवरून वापर करणाऱ्यांनाही सोर्स कोड मिळण्याचा हक्क आहे.

कायद्याची चौकट

आज्ञावली खुली असली तरी खेळाची पात्रे, कथा आणि चित्रे यांचे स्वामित्व कंपनीकडेच राहते. 'बीनेटडी' या पर्यायी सर्व्हरच्या विकासकांविरुद्ध ब्लिझार्ड कंपनीने केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर 'नॉस्टॅलरियस' हा लोकप्रिय सर्व्हर बंद झाला. त्यावर खेळाची आरंभीची आवृत्ती चालत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझार्डने स्वतःच त्या आवृत्तीचा अधिकृत खेळ सुरू केला.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, आज्ञावली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास स्वतंत्रपणे तयार केलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळविण्यासाठी आवश्यक माहिती मिळविण्याची मुभा आहे. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी, अशी अट आहे. खेळाच्या चित्रांचे किंवा प्रतींचे वितरण या सवलतीत येत नाही.

संमतीचा मार्ग

काही ठिकाणी मालकांनीच पुढाकार घेतला आहे. 'रायझम' या खेळाचा सोर्स कोड मे २०१० मध्ये एजीपीएल परवान्याखाली खुला करण्यात आला. २०१२ मध्ये बंद पडलेल्या 'सिटी ऑफ हिरोज'चा सर्व्हर चालविणाऱ्या 'होमकमिंग' या खेळाडूंच्या गटाला जानेवारी २०२४ मध्ये अधिकृत परवाना मिळाला.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज'ला असा परवाना मिळालेला नाही. तरीही २००५ मधील मोठ्या बदलांपूर्वीचे त्याचे रूप 'एसडब्ल्यूजीएमू' या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी पुन्हा उभे केले आहे. तेथे प्रवेश करण्यासाठी खेळाडूजवळ खेळाची मूळ तबकडी असावी लागते.