प्रोग्रॅमर खेळाकडे वळले तेव्हा

व्हिडिओ गेम रचणाऱ्या पहिल्या पिढीत नवशिके फारसे नव्हते. संगणकाच्या अन्य कामांत हात बसलेली माणसेच या क्षेत्रात प्रथम उतरली, आणि त्यांना नव्याने शिकावा लागला तो वेळेचा हिशोब. पगारपत्रक काढणाऱ्या प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर असले, की ते थोडे उशिरा आले तरी चालत असे. खेळात मात्र कळ दाबली गेली का हे पाहणे, त्यानुसार गणित करणे आणि चित्र पुन्हा रेखाटणे हे आवर्तन, ज्याला गेम लूप म्हणतात, सेकंदाला अनेकदा पुरे व्हावे लागते, आणि उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकलेल्या उत्तराइतकेच निरुपयोगी ठरते.

स्टीव्ह रसेल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लिस्प या भाषेचा पहिला इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतील मजकूर वाचून तो यंत्राकडून थेट अमलात आणवणारा प्रोग्रॅम, त्यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर उभा केला होता. असा मुरलेला माणूस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पीडीपी-१ वर ‘स्पेसवॉर!’ हा दोन यानांच्या लढाईचा खेळ लिहिण्यास मात्र चालढकल करीत राहिला. यान वळवण्यासाठी लागणारे साइन-कोसाइनचे गणित हाताशी नाही, ही त्यांची सबब होती. ॲलन कोटोक यांनी ते तयार गणित यंत्राच्या निर्मात्या कंपनीतून आणून दिल्यावर ती सबब उरली नाही, आणि १९६२ च्या आरंभी खेळ चालू लागला. पुढे डॅन एडवर्ड्स यांना पडद्याच्या मध्यावरील ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण खेळात आणावयाचे होते, परंतु तेवढ्या आकडेमोडीला यंत्राकडे वेळच शिल्लक नव्हता. तेव्हा प्रत्येक वेळी तक्त्यातून वाचली जाणारी यानाची बाह्याकृती खेळाच्या आरंभीच थेट यंत्राज्ञांमध्ये रूपांतरित करणारा छोटा कंपायलर त्यांनी लिहिला, आणि वाचलेला वेळ गुरुत्वाकर्षणाला दिला. तो यानांपुरताच पुरला. यानांतून सुटणाऱ्या पाणतीरांना ताऱ्याची ओढ लागतच नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा दोष खरा, पण खेळणाऱ्यांचे त्यामुळे काही अडले नाही.

विल क्राउदर यांची वाट निराळी होती. अर्पानेट या संगणकजालाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या आणि फावल्या वेळात गुहा धुंडाळणाऱ्या या प्रोग्रॅमरने १९७०-८० च्या दशकाच्या मध्यास केंटकीतील मॅमथ गुहेच्या ओळखीवर आधारलेला, लिखित शब्दांतून खेळावयाचा खेळ आपल्या मुलींसाठी फोर्ट्रान भाषेत लिहिला. येथे यंत्र खेळणाऱ्याची वाट पाहते, त्यामुळे वेळेचा प्रश्नच उद्भवत नाही. इतर क्षेत्रांतून येणाऱ्यासाठी हीच सर्वांत कमी काट्यांची वाट म्हणावी लागेल.

नेमकी उलट स्थिती १९७७ मध्ये बाजारात आलेल्या, पुढे अटारी २६०० या नावाने ओळखल्या गेलेल्या घरगुती यंत्राची होती. त्यात अवघी १२८ बाइट मेमरी होती आणि पडद्याचे संपूर्ण चित्र साठवण्याची सोयच नव्हती, म्हणून दूरचित्रवाणीचा किरण जसजसा सरके तसतशी प्रत्येक ओळ त्याच क्षणी घडवावी लागे, आणि एका ओळीसाठी प्रोसेसरला मिळत ७६ ठोके. कॅरल शॉ प्रथम अटारीत होत्या. मग त्या टँडेम या कंपनीत गेल्या, जिचे संगणक बँकांसारख्या अखंड चालणाऱ्या व्यवहारांसाठी असत, आणि तेथून ॲक्टिव्हिजनमध्ये आल्या. त्यांच्या ‘रिव्हर रेड’ (१९८२) या खेळातील लांबच लांब नदी कोठेही साठवलेली नाही. एका लहानशा अंकगणिती सूत्रातून ती दर वेळी तशीच्या तशी उमटते.

मायकेल ॲब्राश मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटीच्या चित्रणाचे काम करून इड सॉफ्टवेअरमध्ये आले, तेव्हा ‘क्वेक’ (१९९६) साठी भिंतीवरील नक्षी अंतरानुसार योग्य दिसावी याकरिता प्रत्येक बिंदूमागे एक भागाकार हवा होता, जो परवडणारा नव्हता. तो दर १६ बिंदूंनी एकदाच करावयाचा, आणि पेंटियम चिपचा दशांश-गणिताचा विभाग त्यात गुंतलेला असताना पूर्णांकांच्या विभागाने आधीचे बिंदू रंगवावयाचे, असा तोडगा निघाला. परिणामी कार्यालयीन कामांत पेंटियमच्या तोडीस तोड असलेली सायरिक्स कंपनीची ६x८६ चिप, जिचा दशांश-गणिताचा विभाग संथ होता, ‘क्वेक’ चालवताना स्पष्टपणे मागे पडली.