वाळवंट कुणी एकट्याने जिंकत नाही

दर जानेवारीत डाकार रॅलीच्या बातम्या येतात आणि दर जानेवारीत तेच एक मत नव्याने ऐकू येते: वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे एकट्या माणसाच्या छातीचा खेळ. बाकीचे सगळे हाताखालचे. कुणी पाने सरकवतो, कुणी पेट्रोल भरतो, कुणी धनादेश फाडतो. या मताच्या पोटातून दुसरे निघते. 2024 च्या डाकारमध्ये हीरो मोटोस्पोर्ट्सचा रॉस ब्रँच मोटरसायकल गटात दुसरा आला, पण तो पडला बोत्स्वानाचा. पैसा भारतीय आणि पराक्रम परक्याचा, मग आपण टाळ्या कशासाठी वाजवायच्या?

हे मत मला चूक वाटते. पण ते पोकळ नाही, म्हणून आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. ताशी शंभराच्या पुढे जाणाऱ्या मोटरसायकलीवर माणूस एकटा असतो. हँडलवर बसवलेले रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणांची यादी, तोच वाचतो, टेकडीच्या पलीकडे काय आहे याचा अंदाज तोच घेतो, चुकला तर तोच पडतो. त्याच्यासाठी शेजारचे आसन नाही. मॅरेथॉन टप्प्यात तर मेकॅनिकला गाडीला हात लावायची मुभाच नसते. 2024 मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा एक टप्पा आला. त्यात दुपारी चार वाजले की पुढे जो तळ लागेल तिथेच थांबायचे आणि संघाशी कसलाही संपर्क न ठेवता तंबूत रात्र काढायची. त्याखेरीज एक संपूर्ण वर्गच असा आहे की ज्यात स्पर्धकाला मदतनीस ठेवता येत नाही. जुने लोक त्याला ‘मॅल मोटो’ म्हणतात. दिवसभर चालवायचे आणि रात्री स्वतःच तेल बदलायचे. आणि शेवटचा मुद्दा सर्वांत जड आहे. 12 जानेवारी 2020 रोजी सौदी अरेबियातल्या सातव्या टप्प्यात हीरोच्याच संघातला पाउलो गोन्साल्विस पडला आणि गेला. जीव त्याचा गेला, मेकॅनिकचा नाही. जो जीव पणाला लावतो, श्रेय त्याचेच.

मुद्दे वजनदार आहेत. आता एकेक तपासू.

पहिली गोष्ट डाकारच्या जन्माची. 1977 मध्ये आबिजान ते नीस या शर्यतीत थिएरी साबिन नावाचा फ्रेंच मोटरसायकलस्वार सहारात वाट चुकला. एकटा होता. तो वाचला तो इतरांनी शोधून काढले म्हणून. त्या अनुभवातून त्याने जी शर्यत उभी केली ती 26 डिसेंबर 1978 ला पॅरिसहून सुटली. 182 वाहने निघाली आणि 74 डाकारला पोहोचली. म्हणजे एकटा माणूस वाळवंटात किती पुरा पडतो, याचे उत्तर या खेळाच्या संस्थापकाच्याच चरित्रात आहे. पुरा पडत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या नगरची. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, तोंडी अजून नगरच येते. या गावात रणगाड्यांची शाळा आहे. 1924 मध्ये इथे रॉयल टँक कोअरची शाळा आली, फेब्रुवारी 1948 मध्ये वेगवेगळ्या संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले, आणि त्याच संस्थेने 1994 मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात सहलीची पोरे आजही तोफेच्या नळीखाली फोटो काढून घेतात. तिथे विजयंता रणगाड्यासमोर जरा वेळ उभे राहावे. चालकाची जागा पुढे, खाली, पोलादात रुतलेली. झाकण बंद केले की त्याच्या वाट्याला काचेच्या अरुंद पट्टीएवढे जग उरते. वर बुरुजात कमांडर बसतो. लांबचे त्याला दिसते, पण चाक त्याच्या हातात नाही. तोफ रोखणारा वेगळा, गोळा भरणारा वेगळा. चार माणसे आणि त्यांतल्या एकालाही संपूर्ण चित्र दिसत नाही. त्या चौघांना एकमेकांचा आवाज न अडखळता कळावा, यावर इथल्या शिक्षणाचा मोठा भाग खर्च होतो. रणगाडा कोण चालवतो हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, कारण तो प्रश्नच अपुरा आहे.

युद्धाचा दाखला शर्यतीला कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणून थेट वाळवंटाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात इजिप्त-लिबियाच्या वाळूत शेकडो मैल आत घुसणारे एक पथक ब्रिटिशांनी 1940 मध्ये उभारले: लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. त्याचा संस्थापक राल्फ बॅग्नोल्ड युद्धापूर्वी हौसेने मोटारी घेऊन सहारात हिंडलेला माणूस. आजच्या वाळवंटी रॅलीतले बरेचसे शहाणपण त्याच्याकडे आधीच होते. टायरची हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या सरकवायच्या, रेडिएटरची वाफ वाया न घालवता थंड करून पुन्हा पाणी करायची. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र भरकटते, म्हणून त्याने सूर्य-होकायंत्र सुधारून वापरले. एक चकती, तिच्या मधोमध उभी सुई. सुईची सावली ठरलेल्या खुणेवर राहील अशा बेताने गाडी हाकायची. दिवसभराचे अंतर आणि दिशा कागदावर मांडत जायचे, रात्री थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने तारे मोजून आपण नक्की कुठे आहोत ते ताडून पाहायचे.

हे काम चालक करत नसे. त्यासाठी नॅव्हिगेटर असे. बिनतारी यंत्रावर आणखी कुणी, गाडी दुरुस्त करणारा फिटर, बंदूकधारी आणि औषधोपचार करणारा असे बाकीचे. आणि हे केवळ गोऱ्यांचे काम नव्हते. याच धर्तीवर इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन निघाले. त्यातली माणसे 2 लान्सर्स, 11 कॅव्हलरी आणि 18 कॅव्हलरी या घोडदळाच्या रेजिमेंटांतून आलेली. 2 लान्सर्स आणि 18 कॅव्हलरी आज भारताच्या चिलखती दलात आहेत आणि त्या दलाचे जवान नगरलाच घडतात. तेव्हा लांब पल्ल्याचे वाळवंट आपल्या माणसांनी दुसऱ्या महायुद्धातच संघ म्हणून ओलांडले आहे. ज्यांनी ती वाळू तुडवली त्यांना एकट्या वीराची कल्पना परवडलीच नसती.

उलट उदाहरणही घरचेच आहे. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवाल्यावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत रुतले आणि सकाळी हवाई दलाच्या तडाख्यात सापडले. रणगाडे होते, चालक होते, धाडसही होते. पण पुढची जमीन आधी पाहून ठेवणारे आणि रुतलेले बाहेर काढणारे हात कमी पडले.

आता शर्यतीचे आकडे घेऊ. तिथे भावनेला जागा नाही. 2024 च्या डाकारमध्ये होंडाच्या रिकी ब्रॅबेकने मोटरसायकल गट जिंकला तो साधारण साडेएक्कावन्न तासांत. ब्रँच मागे राहिला फक्त 10 मिनिटे 53 सेकंद. आता हे पाहा: आघाडीच्या स्वारांना शर्यतीत इंजिन बदलावे लागले तर पहिल्याच बदलाला पंधरा मिनिटांचा दंड बसतो. एक इंजिन दोन आठवडे वाळू खाऊन तगते की नाही, एवढ्या एका गोष्टीचे मोल पहिल्या-दुसऱ्यातल्या अंतराहून जास्त आहे. ते इंजिन तगवतो कोण? रात्री स्वार झोपलेला असताना एअर फिल्टर उघडून बारीक धूळ पुसणारा, पकड ढिली झालेला बोल्ट बोटांनी ओळखणारा माणूस. त्याचे काम हाताखालचे म्हणायचे कसे?

मोटारींकडे वळलो तर पूर्वपक्षाची अडचण आणखी वाढते. डाकारचा सर्वाधिक यशस्वी माणूस स्तेफान पेतेरान्सेल. 14 विजय, 6 मोटरसायकलवर आणि 8 मोटारीत. या आठांपैकी सातांमध्ये शेजारी एकच माणूस होता, जाँ-पॉल कोत्रे. योगायोग सात वेळा घडतो का? ट्रकच्या गटात तर केबिनमध्ये तिघे असतात: चालक, नॅव्हिगेटर आणि मेकॅनिक. वाळूचा पोत पाहून धावत्या ट्रकच्या टायरांतली हवा कमी-जास्त करणे हे तिथे चालकाचे काम नसते.

आपल्याकडचे ताजे उदाहरण पुण्याच्या संजय टकले यांचे. 2025 मध्ये ते डाकार क्लासिकला उतरले. जुन्या गाड्यांच्या या शर्यतीत सर्वांत वेगवान तो पहिला, असा हिशेब नसतो. नेमून दिलेला सरासरी वेग सेकंदासेकंदाला पाळायचा असतो. अशा शर्यतीत घड्याळ आणि रोडबुक सांभाळणारा निम्मी शर्यत खेळतो. तो फ्रेंच सहचालक होता मॅक्सिम रो. टकले यांच्या धाडसाचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या बातमीत दुसरे नाव गाळणे हे अर्धी धावसंख्या छापण्यासारखे आहे.

राहिले मोटरसायकलवरचे एकटेपण. पूर्वपक्षाचा हा खरा किल्ला, म्हणून इथे थोडे थांबतो. अठ्ठेचाळीस तासांच्या टप्प्यात मेकॅनिक नसतो, हे खरे. पण तिथे दुसऱ्या स्पर्धकाची मदत घ्यायला बंदी नाही, म्हणून कारखान्यांचे संघ दोन-तीन स्वार उतरवतात आणि गरज पडली तर मागच्याने आपले चाक काढून पुढच्याला द्यायचे, हे आधीच ठरलेले असते. स्वतःची शर्यत सोडून सहकाऱ्याची वाचवणारा तो स्वार एकटा लढतो आहे असे म्हणता येईल? वाट उघडणाऱ्याचेही तसेच. सर्वांत आधी सुटलेल्याला वाळूवर कुणाचाच माग मिळत नाही, मागून येणाऱ्यांना त्याच्या चाकाची रेघ मिळते. म्हणून आज कुणी पुढे राहायचे आणि उद्याच्या लांब टप्प्यासाठी कुणी थोडे मागे सुटायचे, याची गणिते तळावर बसून मांडली जातात. मदतनीस नसलेल्या वर्गाबद्दल मला आदर आहे. माझ्या मते तो या खेळातला सर्वांत कठीण वर्ग आहे. तरीही त्या स्वाराची पेटी आणि तंबू एका तळावरून दुसऱ्या तळावर आयोजकांची माणसे नेतात, आणि वर वैद्यकीय हेलिकॉप्टर असते. तो एकटा राबतो. एकटा नसतो.

आता गोन्साल्विस. 2020 च्या त्याच शर्यतीच्या तिसऱ्या टप्प्यात त्याचे इंजिन निकामी झाले होते. मदतीची वाट पाहत तो वाळवंटात थांबून राहिला, इंजिन बदलले आणि शर्यतीत टिकला. चार टप्प्यांनी तो पडला तेव्हा सर्वांत आधी थांबला टोबी प्राइस, दुसऱ्या संघाचा आणि गतविजेता. मागून श्तेफान स्वित्को आला. प्राइसने घड्याळ पाहिले नाही. दुसऱ्या दिवशीचा मोटरसायकलींचा टप्पा रद्द झाला आणि हीरोने शर्यतीतून माघार घेतली. दोन वर्षांनी, 2022 च्या तिसऱ्या टप्प्यात, त्याच संघाच्या जोआकिम रोड्रिग्सने भारतीय कंपनीसाठी डाकारमधला पहिला टप्पा जिंकला. रोड्रिग्स हा गोन्साल्विसचा मेहुणा. धोका स्वाराचा असतो, हे मी नाकारत नाही. पण जीव त्याचा म्हणून श्रेयही त्याच्या एकट्याचे, हा तर्क मला पटत नाही. जखमीसाठी थांबलेल्याचा गेलेला वेळ त्याला परत देण्याचा नियम या शर्यतीत आहे. माणूस दुसऱ्यासाठी थांबणार, हे गृहीत धरूनच शर्यत आखली जाते. एकट्या वीरांच्या खेळात असा नियम कशाला लागला असता?

पैशाचा मुद्दा लवकर आटोपतो. पैसा लागतो, भरपूर लागतो. पण डाकारला मोठमोठ्या कारखान्यांच्या गाड्याही वाळूत पडून राहिल्या आहेत. पैशाने माणसे आणता येतात, त्यांचा संघ होईलच याची हमी पैसा देत नाही.

उरला तो बोत्स्वानाचा प्रश्न. पारनेर-संगमनेरकडे बैलगाडा शर्यत भरते. तिथे निशाण पडल्यावर भोंग्यावरून नाव पुकारले जाते ते गाडामालकाचे; बैल सांभाळणारे, जुंपणारे, घोडीवरचा, सारे त्या एका नावाखाली येतात. बैल दुसऱ्या तालुक्यातून आणला म्हणून बारी आमची नव्हे, असे घाटात कुणी म्हणत नाही. हाच न्याय 2024 ला लावून पाहा. ब्रँच बोत्स्वानाचा, गाडीवरचे नाव भारतीय, संघाच्या उभारणीत जर्मन तंत्रज्ञांचा हात. त्याच वर्षी ब्रँचने क्रॉस-कंट्री रॅलीचे जागतिक अजिंक्यपदही मिळवले. ते यश एकट्या भारताचे आहे असे मी म्हणणार नाही. माझाच युक्तिवाद मला तशी परवानगी देत नाही. पण त्यात भारताचा वाटा नाही, असे म्हणणाऱ्यांना आधी हे सिद्ध करावे लागेल की त्या साडेएक्कावन्न तासांत हँडलावरच्या दोन हातांखेरीज कुणाचेही हात लागले नव्हते. त्याच शर्यतीत केरळचा हरित नोआ रॅली-2 वर्गात पहिला आला आणि एकंदर अकरावा. त्याच्या मागे टीव्हीएसच्या जोडीला शेरको ही फ्रेंच कंपनी होती. तिथे स्वार भारतीय आणि यंत्र परके. तो विजय आपण बिनदिक्कत आपला म्हणतो. मग न्याय दोन्हीकडे एकच का नको?

नगरला वाहन संशोधन व विकास संस्था आहे, फाळणीच्या वेळी चकलाल्याहून इथे आलेली. ओबडधोबड जमिनीवर वाहन किती तग धरते हे तपासणे हा तिथला रोजचा व्यवसाय. बाजूला रणगाड्यांची शाळा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दर वर्षी फिटर आणि मोटर मेकॅनिक बाहेर पडतात. या जिल्ह्यातल्या मुलाला डाकारचे स्वप्न पडले तर आपण त्याला काय सांगतो? मोटरसायकल घे आणि छाती काढ. रोडबुक वाचायला शीक, अंतर-दिशेचा हिशेब शीक, अंधारात इंजिन उघडायला शीक, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण ही कामे आपण शर्यतीत धरतच नाही. चुकीच्या मताची खरी किंमत इथे मोजावी लागते: स्वार होऊ पाहणारे शंभर मिळतात आणि नॅव्हिगेटर परदेशातून आणावा लागतो.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. निकाल त्यांनी द्यावा. आणि पुढच्या जानेवारीत वर्तमानपत्रात विजेत्याचे नाव दिसेल तेव्हा त्याच्याशेजारी दुसरे नाव छापले आहे की नाही, एवढे पाहावे.