‘अंगावरून जातंय’ म्हणजे नेमकं काय? हे विचारायला शिकवणारं नाटक

स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लक्षणं, टप्पे, उपचार पाठ करून नर्सिंगची परीक्षा पास होता येते. पण समोरची बाई “अंगावरून जातंय” एवढंच म्हणून गप्प झाली तर? पांढरं की लाल? पाळी बंद झाल्यावर? संबंधांनंतर? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि विशीतल्या विद्यार्थ्याची जीभ नेमकी तिथेच अडखळते.

इथे ‘क्रिएटिव्ह ड्रामा’ उपयोगी पडतो. यात पाठ केलेले संवाद नसतात, तिकीट काढलेले प्रेक्षकही नसतात. आधी संकोच घालवणारे छोटे खेळ, मग प्रसंग: एक विद्यार्थिनी पेशंट, दुसरी नर्स, तिसरी “कशाला हवी तपासणी?” म्हणणारी सासू. नंतर भूमिकांची अदलाबदल आणि चर्चा. तुर्कस्तानातल्या नर्सिंग शिक्षणात ही पद्धत वापरली गेली आहे. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये तर बघणाराच मध्येच उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळा करून दाखवतो.

लिहिलेलं नाटकही हे काम करतं. मार्गारेट एडसन यांच्या ‘विट’ला १९९९ मध्ये पुलित्झर मिळालं. नायिका इंग्रजीची प्राध्यापिका, अंडाशयाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात. तिचाच माजी विद्यार्थी, आता डॉक्टर, तिची अंतर्गत तपासणी करायला येतो आणि तिला तशाच अवस्थेत टेबलावर ठेवून मदतनीस शोधायला निघून जातो. अमेरिकेत हे नाटक मेडिकलच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवलं गेलं. या एका प्रसंगातून जे कळतं, ते तासभराच्या लेक्चरमधून कळणं कठीण.

भारतात याची गरज किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या १०० पैकी जेमतेम २ महिलांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केली होती. तपासणी अवघड मात्र नाही. ‘व्हीआयए’मध्ये पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरे डाग उमटतात का, ते डोळ्यांनी पाहतात. टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या वस्त्यांमधल्या अभ्यासात (२०१४) प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेल्या याच तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अर्थात, बाई तपासणीला तयार झाली तरच.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. वर्गातल्या एखादीच्या आईला किंवा मावशीला हाच आजार असू शकतो. म्हणून भूमिका नाकारायची, मध्येच थांबायची मुभा असावी, आणि प्रसंग संपल्यावरची चर्चा वेळ नाही म्हणून गाळली जाऊ नये.