अकारविल्हे

ग्रंथालयांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: अकारविल्हे. ‘अ’पासून सुरुवात करून अक्षरांच्या क्रमाने लावलेली यादी म्हणजे अकारविल्हे यादी. यातलं ‘विल्हे’ आपल्याला ‘विल्हेवाट’मधून ओळखीचं आहे. पसारा आवरून प्रत्येक वस्तू जागच्या जागी गेली की ती विल्हेस लागली. आता हे काम आपण वर्ड प्रोसेसरमधल्या ‘सॉर्ट’ नावाच्या बटणावर सोपवलं आहे. ते बटण दाबताना आपण दोन प्रश्नांची उत्तरं गृहीत धरतो: अक्षरांचा क्रम कोणता, आणि कोणती ओळ कोणाच्या पोटातली? या दोन्ही प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे.

आपल्याकडची वर्णमाला फार विचारपूर्वक रचलेली आहे. कंठातून निघणारा ‘क’ आधी, ओठांवरचा ‘प’ नंतर. एवढी सुबक वर्णमाला हाताशी असताना आपले जुने कोश मात्र तिच्या क्रमाने लावलेले नाहीत. अमरकोशात कांडं आहेत, कांडांत वर्ग आहेत आणि वर्गांत शब्द. झाडपाल्याचे शब्द वनौषधिवर्गात, वाघसिंहांचे सिंहादिवर्गात. मेदिनीकोशासारख्या काही कोशांत तर शब्द शेवटच्या व्यंजनानुसार लावले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश तयार झाला, तोही दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग अशा वर्गांतच.

कारण सरळ आहे. हे कोश पाठ करण्यासाठी होते. पाठ असलेल्या माणसाला शब्द ‘शोधावा’ लागत नाही. त्याला शब्दाचं कूळ ठाऊक असतं आणि कुळासोबत शब्द आठवतो. अकारविल्हे यादी लागते ती ज्याला काहीच ठाऊक नाही अशा वाचकाला. तो फक्त पहिलं अक्षर घेऊन येतो. म्हणून अकारविल्हे मांडणी ही अनोळखी माणसाची सोय आहे. त्या सोयीची किंमत म्हणजे नातीगोती तुटतात: आंबा ‘आ’त जातो, फणस ‘फ’मध्ये.

मराठीत ही सोय छापखान्यासोबत रुळली. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ आला, १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती. पुढे दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. उरलेल्या शब्दांसाठी १९५० साली पुरवणी काढावी लागली. जुळवलेल्या, छापलेल्या पानांत नवा शब्द मध्येच घुसवता येत नाही, त्यामुळे एकच कोश दोन याद्यांत राहिला. वाचकाने आधी खंडात पाहायचं, नाही सापडलं तर पुरवणीत.

दोन याद्या एकत्र करायची युक्ती खरं तर जुनी आहे. झुरिकचा निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याने १५४५ साली त्याला माहीत असलेल्या पुस्तकांची प्रचंड सूची छापली. तीन वर्षांनी आलेल्या ‘पांडेक्टे’ या ग्रंथात त्याने सूची बनवण्याची कृतीच लिहून ठेवली आहे. कागदाच्या एकाच बाजूला नोंदी लिहा, कात्रीने एकेक नोंद कापून वेगळी करा, आधी ढोबळ ढीग लावा, मग ढिगांतले ढीग, आणि क्रम पक्का झाला की चिकटवा. आपलं ‘कट-पेस्ट’ साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी खरोखरच्या कात्रीने आणि खळीने चालत होतं.

इंजिनिअरिंगला शिकवतात तो ‘मर्ज सॉर्ट’ याच टेबलावरून उचलल्यासारखा आहे. जॉन फॉन नॉयमन याने १९४५ साली, एडव्हॅक हा संगणक अजून कागदावरच असताना, त्याच्यासाठी याद्या एकत्र करून क्रम लावण्याचा प्रोग्रॅम लिहिला. यंत्राला आकडेमोडीपलीकडचं काम जमेल का, हे त्याला तपासायचं होतं. तत्त्व साधं आहे. दोन लावलेल्या गठ्ठ्यांची वरची कार्डं पाहायची, जे आधी यायला हवं ते उचलायचं, पुन्हा पाहायचं. परीक्षेत आपण यावर गुण मिळवतो, पण त्यातली एक अट वाचून पुढे जातो: दोन्ही गठ्ठे एकाच नियमाने लावलेले हवेत.

या अटीचा अर्थ मला गेल्या पावसाळ्यात नीट कळला. माझी मावशी इतिहासाची प्राध्यापक. तिच्या दोन खंडांच्या पुस्तकाच्या शेवटी एकच सूची हवी होती. “तू कॉम्प्युटरवाला ना, मग हे एवढं जोडून दे,” म्हणत तिने दोन फायली पाठवल्या. सॉर्टचं बटण तिने आधीच दाबून पाहिलं होतं. मूळ सूचीतला हा तुकडा पाहा:

पुणे
— नगरपालिका
— प्लेग
सातारा
— प्लेग
— शाळा

आणि बटण दाबल्यावर:

— नगरपालिका
— प्लेग
— प्लेग
— शाळा
पुणे
सातारा

वर्ड प्रोसेसरसाठी प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र परिच्छेद. ‘प्लेग’ पुण्याच्या पोटात आहे हे आपल्याला समासामुळे कळतं, त्याला कळत नाही. दोन प्लेग शेजारी येऊन बसले आणि कोणता कुठल्या गावचा, हे पुसलं गेलं. आउटलाइन व्ह्यूमध्ये सगळी शीर्षकं पहिल्या पातळीपर्यंत मिटवून मग क्रम लावला तर पोटातल्या ओळी शीर्षकासोबत हलतात. पण मग पोटातला क्रम लागत नाही, आणि दोन्ही खंडांतली दोन ‘पुणे’ एकमेकांशेजारी वेगळीच राहतात.

खात्रीचा मार्ग कंटाळवाणा आहे. तीन रकान्यांचं टेबल करायचं: मुख्य नोंद, पोटनोंद, पान. पोटनोंदीच्या प्रत्येक ओळीत तिची मुख्य नोंद पुन्हा लिहायची. मग आधी पहिल्या रकान्याने, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने क्रम लावायचा. वर्डमध्ये एका वेळी अशा तीन पायऱ्या देता येतात. शाळेच्या वहीवर आपण नाव, इयत्ता, तुकडी सगळं लिहायचो, तसं प्रत्येक ओळीने आपला पूर्ण पत्ता अंगावर घेऊन फिरायचं. वर्डची स्वतःची सूची करायची सोयही याच तत्त्वावर चालते. मजकुरात खूण करताना ‘पुणे:प्लेग’ असं मध्ये विसर्गासारखं चिन्ह टाकून लिहिलं, की तो प्लेग हरवत नाही.

मग अक्षरांची पाळी आली. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून आला, आणि तो सगळ्या देवनागरी भाषांसाठी सामाईक आहे. त्यात ‘ल’ २३५४वा आणि ‘ळ’ त्याला खेटून २३५५वा. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. म्हणजे नुसत्या क्रमांकांवर चालणारा प्रोग्रॅम काला, काळा, कावळा, कासव असा क्रम लावतो, आणि मराठी वाचक काला, कावळा, कासव, काळा असा शोधतो. ‘क्ष’ला आणि ‘ज्ञ’ला तर तक्त्यात स्वतंत्र जागाच नाही. ते ‘क’ आणि ‘ष’ यांचं, ‘ज’ आणि ‘ञ’ यांचं जोडाक्षर. हिंदी कोशांत ‘क्ष’ ‘क’मध्येच पाहतात. आपण मात्र लहानपणी ‘ळ, क्ष, ज्ञ’ असं शेवटी म्हणत मोठे झालो. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ यादीत असूनही आपल्याला सापडत नाहीत.

सगळ्यात गंमत ‘ॲ’ची. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान दिलं. युनिकोडने ‘ॲ’ला क्रमांक दिला, पण तोवर स्वरांच्या रांगेतल्या जागा भरल्या होत्या, म्हणून तो २४१८वर, पार आकड्यांच्याही मागे. ‘अ’ २३०९वर. क्रमांकांवर विसंबलं तर ॲनी बेझंट यादीत अगदी शेवटी उभ्या. त्यातच एका खंडात ‘ॲ’ हे एक अक्षर, दुसऱ्या खंडात ‘अ’ला वरून चंद्र जोडलेला. डोळ्यांना सारखंच दिसतं, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द.

यावर उपाय आहे. भाषाभाषांचे नियम जिथे गोळा केले आहेत त्या युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात मराठीचा क्रम नोंदलेला आहे: ‘ह’, मग ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. फक्त मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं, आणि प्रोग्रॅमने तो नियम वापरावा लागतो. मी दोन्ही फायलींतली ‘ॲ’ एकसारखी केली, मराठीचा नियम लावला, आणि याद्या जुळल्या.

मला वाटलं, संपलं. मावशीने छापील कागद घेतला, लाल पेन काढलं आणि म्हणाली, “आता खरं काम.”

‘फुले, जोतीराव’, ‘जोतीबा फुले’, ‘महात्मा फुले’ या तीन नोंदी तीन ठिकाणी होत्या. माणूस एक. उलट ‘शाहू’ ही नोंद दोन्ही खंडांत अक्षरशः सारखी होती, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने ती आनंदाने एक केली होती. तिच्या पोटात ‘साताऱ्यात राज्याभिषेक, १७०८’ आणि ‘५० टक्के राखीव जागांचा हुकूम, १९०२’ असे दोन्ही प्रसंग एकाखाली एक. सातारचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू मिळून एकच राजा झाला होता, जवळपास दोनशे वर्षं राज्य करणारा. क्रम अचूक, इतिहास चुकीचा. इथे अक्षरांचे नियम कामाचे नाहीत. इथे अमरकोशवाल्यांसारखं कूळ ठाऊक असावं लागतं.

मग पेन ‘र’वर येऊन थांबलं. पहिल्या खंडात होतं:

रानडे, महादेव गोविंद
— पत्नी रमाबाई

दुसऱ्या खंडात:

रानडे, रमाबाई
— आठवणी
— सेवासदन

१९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या, १९१०मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिणाऱ्या रमाबाई एका खंडात पोटनोंद होत्या आणि दुसऱ्यात मुख्य नोंद. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या. कुठल्याही यंत्राने इथे हरकत घेतली नसती. पण एखादी मुलगी ‘रमाबाई’ शोधायला आली आणि तिला पुस्तकातल्या रमाबाईंची निम्मी पानं न्यायमूर्तींच्या पोटात दडलेली आहेत हे कळलंच नाही, तर तिच्यापुरती ती पानं छापलीच नव्हती.

बहुपातळी यादीत हा निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावा लागतो: कोण शीर्षक, कोण पोटात. अक्षरांचा क्रम समित्यांनी ठरवला, तक्त्यांनी पक्का केला आणि तो बदलायला शासननिर्णय लागतो. पातळी मात्र सूची करणारा माणूस ठरवतो, बहुधा कोणालाही न विचारता.

मावशीने रमाबाईंची सगळी पानं त्यांच्या स्वतःच्या नावाखाली आणली. महादेव गोविंदांच्या खाली एकच ओळ ठेवली: ‘रमाबाई: पहा रानडे, रमाबाई’. पंडिता रमाबाई आणि रमाबाई आंबेडकर यांच्या नोंदीही तिने तपासल्या, पहिल्या नावावरून कोणी शोधायला आलं तर वाट सापडावी म्हणून ‘रमाबाई’ या शब्दाखाली तिघींकडे बोट दाखवणारे तीन ‘पहा’ लावले. मग तो कागद माझ्याकडे सरकवून ती ‘ल’कडे वळली.