लाखिया, कुमुदिनी
(१७ मे १९३०–१२ एप्रिल २०२५). कथकला राधाकृष्णाच्या कथांपलीकडे नेणाऱ्या नृत्यरचनाकार. माहेरच्या जयकर, जन्म मुंबईचा. तरुणपणी नर्तक राम गोपाल यांच्या संचात नाचल्या. पुढे अहमदाबादेत ‘कदंब’ ही नृत्यसंस्था काढली. त्यांच्या ‘दुविधा’ या नृत्यरचनेत (१९७१) घरसंसारात अडकलेल्या स्त्रीची घालमेल आहे, ‘धबकार’मध्ये (१९७३) मात्र गोष्टच नाही. दागदागिने, ओढणी त्यांनी उतरवली. उरली लय, रेषा आणि रिकामा रंगमंच. पायांच्या ठेक्याचा तत्कार, गिरकीची चक्कर, तीनदा येणारी तिहाई ही सामग्री जुनीच, पण आता अनेक नर्तक ती वाटून घेतात. मध्येच सगळे थबकतात, आणि न वाजलेली मात्राही ऐकू येते. संगीताची बाजू संगीतकार अतुल देसाई यांनी सांभाळली. कथकमधील आजच्या समूहरचनेचा पाया त्यांच्या या कामात आहे. २०२५ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.