काळी, पांढरी आणि घरपट्टी

मावळातील जुन्या कागदांत गावाचे दोन भाग केलेले आढळतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन. पांढरी म्हणजे जिच्यावर माणसे घरे बांधून राहतात ती जागा. काळीचा हिशेब प्रत्येक राज्यकर्त्याने डोळ्यांत तेल घालून ठेवला, कारण राज्याचा गाडा तिच्या धाऱ्यावर चाले. पांढरीचा हिशेब मात्र फार उशिरा, आणि तोही अर्धामुर्धा ठेवला गेला. भोर व वेल्हे या डोंगरी मुलुखातील घरपट्टीचा इतिहास हा या उशिराचाच इतिहास होय; आणि तेथील घरमालकाला आजही ज्या अडचणी पडतात, त्यांपैकी पुष्कळशांचे मूळ याच एका गोष्टीत सापडते.

हा मुलुख इतिहासाला अपरिचित नाही. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्ह्याच्या हद्दीत उभे आहेत. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे व हिरडस मावळात बांदल हे देशमुख शिवकालापासून विख्यात आहेत. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळाले, आणि पुढे त्यांच्या वंशजांचे, म्हणजे पंत सचिवांचे, भोर हे संस्थान झाले. संस्थानच्या तालुक्यांची नावेदेखील किल्ल्यांवरून पडली होती. रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, शिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड अशी ती नावे होत. ता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तेव्हा घाटमाथ्यावरचा बहुतेक मुलुख पुणे जिल्ह्यात आला आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. वेल्ह्यास प्रथम महाल म्हणत, पुढे तो तालुका झाला; त्या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला.

घरावर कर ही कल्पना इंग्रजांनी येथे आणली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. मराठेशाहीच्या दप्तरांत घरपट्टी हा शब्द आहे, आणि मोहतर्फा हाही आहे. मोहतर्फा हा कारागीर, उदमी आणि दुकानदार यांच्यावरचा कर. त्याची आकारणी करताना घर, दुकान व माग ही मोजमापाची साधने ठरत. गावातील घरांची व माणसांची गणना करीत, तिला खानेसुमारी म्हणत. मात्र या साऱ्या व्यवस्थेत पाहिले जाई ते माणसाकडे : तो कोण, त्याचा धंदा कोणता, त्याची ऐपत केवढी. त्याच्या घराची लांबी-रुंदी किंवा किंमत किती, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. इंग्रजी अमलातील मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने धंद्यांवरचे असले जुने कर उठविले गेले. त्यानंतर घरावरचा कर परत आला तो नगरपालिकांच्या हातून, आणि येताना तो एक परदेशी तत्त्व घेऊन आला.

ते तत्त्व इंग्लंडातील गरिबांच्या पोषणासाठी बसविलेल्या स्थानिक करातून निघाले होते. घराचा कर कशावर मोजावा, हा प्रश्न तिकडे दीर्घकाळ गाजला. १६९६ साली तेथे खिडक्या मोजून कर बसविण्यात आला, तेव्हा लोकांनी चक्क खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. तो कर १८५१ साली रद्द झाला. दरम्यान १८३६ च्या कायद्याने दुसरी कसोटी पक्की केली : हे घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले, तर वाजवी भाडे किती येईल? त्या भाड्यावर कर. घरात खरोखर भाडेकरू असो वा नसो, कायदा एक भाडेकरू कल्पनेने तेथे आणून बसवितो आणि त्याच्या खिशातून घराची किंमत करतो.

हाच कल्पित भाडेकरू आज भोर शहरात वावरतो. शहराचा कारभार नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याखाली चालतो. मुळात तो कायदा असे सांगतो की, घराचे वर्षाचे वाजवी भाडे ठरवावे, त्यातून दुरुस्तीपोटी शेकडा १० वजा करावे, आणि जे उरेल ते करयोग्य मूल्य समजावे. समजा, राजवाड्याच्या आसपास एखादे जुने दुमजली घर आहे आणि त्याचे वाजवी भाडे वर्षाला १२,००० रुपये ठरले. त्यातून १,२०० वजा जाता करयोग्य मूल्य १०,८०० रुपये झाले. या आकड्यावर नगरपरिषदेने ठरविलेल्या शेकडेवारीने कर निघतो. घरमालक तीन पिढ्या त्याच घरात राहत आला असेल आणि भाडेकरूचे तोंड त्याने कधी पाहिले नसेल, तरी हिशेब हाच.

अशा कल्पनेवर उभारलेल्या आकड्यात चूक होण्यास वाव असतो, हे कायद्यानेही ओळखले आहे. म्हणून आकारणीची यादी तयार झाली की ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते. ज्याचा कर नव्याने बसला किंवा वाढला, त्यास नोटीस द्यावी लागते. हरकती ऐकून घ्याव्या लागतात, आणि मगच यादी कायम होते. निदान चार वर्षांतून एकदा ही यादी नव्याने तपासली पाहिजे, असा दंडक आहे. घरमालकाचा खरा हक्क या मुदतीत आहे. बिल हातात पडल्यावर चौकात उभे राहून केलेल्या तक्रारीपेक्षा, हरकतीच्या मुदतीत दिलेल्या एका साध्या अर्जाचे वजन अधिक असते.

शहराची शीव ओलांडून खेड्यात पाऊल टाकले की कायदा बदलतो. तेथे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि त्याखालचे १९६० चे कर व फी नियम लागू होतात. या नियमांनी पूर्वी चौरस फुटामागे ठरीव दराने कर घेण्याची पद्धत चालविली होती; ती न्यायालयात टिकली नाही. म्हणून २०१५ च्या अखेरीस नियम बदलून भांडवली मूल्याची पद्धत आणली गेली. हिच्यात भाडेकरू नाही, हिच्यात किंमत आहे. जागेचा सरकारी दर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयाप्रमाणे घट आणि तिचा वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी, या साऱ्यांचा मेळ घालून मूल्य काढतात, आणि त्यावर दर हजारी काही पैसे किंवा रुपये कर बसतो. मातीचे घर, दगडविटांचे मातीत बांधलेले घर, चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेले पक्के घर आणि सळई-काँक्रीटची इमारत, अशा चढत्या प्रती मानल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या आकारणीने समाधान न झाल्यास पंचायत समितीकडे दाद मागता येते.

येथपर्यंतची गोष्ट पैशाची झाली. परंतु वेल्ह्याच्या वाडीतील माणूस घरपट्टीची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो, ती पैशासाठी नव्हे. शेताला सातबारा असतो, कारण काळी मोजली गेली होती. गावठाणातील जमिनीवर शेतसारा नव्हता, म्हणून ती मोजण्याची निकड कोणास वाटली नाही. पुढे गावठाणांची नगर भूमापने झाली, तीही सामान्यतः २,००० हून अधिक वस्तीच्या गावांपुरती. डोंगरकपारीतील लहान गावे त्या मोजणीत कोठून येणार? तेथे घराचे नाव, गाव आणि माप सांगणारा कागद एकच : ग्रामपंचायतीची आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८ चा उतारा, आणि त्याच्या जोडीला कराची पावती.

या मुलुखाला तर कागदाची किंमत विशेषच कळावी. १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणे आली. खोऱ्यांतील काळी पाण्याखाली गेली, तशी पांढरीही गेली. घर कोणाचे, असा प्रश्न सरकारदरबारी जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा गावठाणातील माणसाने पुढे करावा असा कागद बहुधा हा उताराच असतो.

आणि कायदा तर स्पष्ट सांगतो की, हा कागद मालकीचा पुरावा नव्हे. कर हा मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून घेतला जातो; जो राहतो त्याचे नाव वहीत चढते. वहीतील नोंदीने कोणी मालक होत नाही, आणि नोंद नसल्याने कोणाची मालकी बुडत नाही. डोंगरउतारावर परवानगीवाचून बंगला बांधून त्याची घरपट्टी भरली, तरी तो बंगला अधिकृत होत नाही. म्हणजे ज्या कागदावर सामान्य माणसाने सगळा भरवसा ठेवला, तो कागद त्या भरवशासाठी लिहिलाच गेला नव्हता. मयत वडिलांचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहणे, भावाभावांनी घर वाटून घेतले तरी वहीत ते एकच असणे, पडवी पडली तरी तिचा कर चालू राहणे, या नित्याच्या गोष्टी मग नुसत्या आळसाच्या राहत नाहीत. त्यांतून वाद उत्पन्न होतात.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न अलीकडे सुरू झाला आहे. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी, ड्रोन उडवून गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला. २०२० साली स्वामित्व या नावाने ही योजना देशभर जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक घराची हद्द नकाशावर येते आणि घरमालकास मिळकत पत्रिका मिळते. काळीला जे मोजमाप फार पूर्वी लाभले, ते पांढरीला आता लाभत आहे. मोजणी झाली की कर चुकविणे कठीण होते हे खरे. पण चुकीचा कर लादणेही तितकेच कठीण होते. तेव्हा चावडीवर आकारणीची यादी लागली म्हणजे घरमालकाने प्रथम आकड्याकडे न पाहता नावाकडे पाहावे, नंतर मापाकडे आणि मग वापराच्या रकान्याकडे. ही तीन बरोबर असतील तर आकड्यातील चूक पुढेमागे दुरुस्त होते. ती चुकली असतील, तर पावत्यांनी भरलेली पेटीही अडचणीच्या दिवशी कामाला येत नाही.